छत्तीस निवडणुका एकाच पक्षाला, आणि मग २०१६: केंटकीतली एलियट काउंटी

डोंगरी_डॉक्टर

नमस्कार मंडळी. अमेरिकेच्या निवडणुकांवरच्या दुसऱ्या धाग्यात कुणीतरी लिहिलं होतं, "खेड्यातले गोरे लोक ना, ते कायमचेच रिपब्लिकन." तिथेच उत्तर द्यायला बसलो होतो, पण ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं. म्हणून वेगळा धागा.

मी पूर्व केंटकीच्या डोंगरांत दवाखाना करतो. जे-१ व्हिसावर रेसिडेन्सी केलेल्यांना हा रस्ता माहीत आहे: शिक्षण संपलं की दोन वर्षं मायदेशी जा, नाहीतर जिथे डॉक्टर टिकत नाहीत अशा जागी तीन वर्षं काढा. २०१२ च्या जुलैत तीन वर्षांचा हिशेब करून आलो, अजून इथेच आहे. माझ्याकडे चार-पाच काउंट्यांतून पेशंट येतात. त्यातली एक एलियट.

काउंटी म्हणजे क्षेत्रफळाने छोट्या तालुक्याएवढी आणि माणसं एखाद्या मोठ्या गावाएवढी. २०२० च्या जनगणनेत साडेसात हजारसुद्धा भरली नाहीत. मुख्य गाव सँडी हूक, तिथे हजारही डोकी नाहीत. वस्ती जवळजवळ सगळी गोरी, चर्चला जाणारी, घरात बंदूक असणारी, खिशाने फाटकी. म्हणजे त्या वाक्यातले "खेड्यातले गोरे" शोधायचे तर इथेच सापडावेत.

ही काउंटी १८६९ मध्ये स्थापन झाली. १८७२ पासून २०१२ पर्यंत राष्ट्राध्यक्षपदाच्या छत्तीस निवडणुका झाल्या आणि छत्तीसही वेळा इथे डेमोक्रॅटिक पक्ष जिंकला. निक्सन आला, रेगन आला, अख्खा देश लाल (म्हणजे रिपब्लिकन) झाला तरी एलियट हलली नाही. डेमोक्रॅटांची एवढी लांब मालिका अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही काउंटीत नव्हती. २००४ मध्ये केरींना जवळजवळ ७० टक्के. २००८ मध्ये ओबामांना ६१. २०१२ मध्ये ओबामा कसेबसे, साठ-एक मतांनी. त्या वर्षी केंटकीच्या १२० काउंट्यांपैकी ओबामांना फक्त चार मिळाल्या: लुईव्हिल आणि लेक्सिंग्टन ही दोन मोठी शहरं, राजधानी फ्रँकफर्टची काउंटी, आणि ही.

२०१६ मध्ये ट्रम्पना ७० टक्के, क्लिंटनबाईंना २६.

चार वर्षांत एवढी उलथापालथ. आणि मी इथे होतो, त्याच लोकांचं ब्लडप्रेशर मोजत. मला काय दिसलं ते लिहितो, पण आधी तुमचे अंदाज सांगा.

---

नवा_गडी

भारी धागा, डॉक्टर. एक बाळबोध प्रश्न. दक्षिणेतले गोरे आधी डेमोक्रॅट होते आणि साठच्या दशकात नागरी हक्क कायद्यांनंतर रिपब्लिकन झाले, असं वाचलंय. मग हे लोक त्या गाडीत का चढले नाहीत?

---

आकडेबहाद्दर

माझं आवडतं कुरण. थोडा इतिहास.

यादवी युद्धात केंटकी उत्तरेकडेच राहिली, पण घराघरात फूट होती. त्यानंतर शंभर वर्षं डोंगरातल्या माणसाचा पक्ष कोणता, हे बहुतेक त्याचा पणजोबा कुठल्या बाजूने लढला यावर ठरलं. एलियट हे नाव जॉन मिल्टन एलियट यांच्यावरून आलं असं सांगतात (काही जण त्यांच्या वडिलांचं म्हणतात). हे गृहस्थ दक्षिणेच्या, म्हणजे बंडखोरांच्या काँग्रेसमध्ये (संसदेत) सभासद होते. पुढे न्यायाधीश झाले आणि १८७९ मध्ये एका नाराज पक्षकाराने फ्रँकफर्टमध्ये त्यांना गोळी घातली. अशा काउंटीने लिंकनच्या, म्हणजे रिपब्लिकन पक्षाला मत देणं शक्यच नव्हतं.

आता उलटं उदाहरण. त्याच डोंगरात, थोडं नैऋत्येला, जॅक्सन काउंटी आहे. ती उत्तरेच्या बाजूची. तिने आजवर एकदाही डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाला कौल दिलेला नाही. तीच माती, तीच गरिबी, तोच धर्म. फरक पणजोबांचा.

आणखी एक गंमत. केंटकीत राज्याच्या निवडणुकांत १८९१ च्या घटनेपर्यंत मत तोंडी द्यायचं असे. चारचौघांत उभं राहून नाव उच्चारायचं, कारकून लिहून घेणार. ही प्रथा सोडणारं हे शेवटचं राज्य. जमीनदार समोर, सासरा समोर, उधारी देणारा वाणी समोर. अशा ठिकाणी एकदा पडलेला पायंडा कसा मोडणार?

नवा_गडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: तो वाद जिथे काळी वस्ती मोठी होती तिथे पेटला. एलियटमध्ये ती जवळजवळ नव्हतीच. जनगणनेत आता थोडीफार दिसते, त्यातली बरीचशी २००५ मध्ये उघडलेल्या राज्याच्या तुरुंगातली. कैदी डोकी मोजायला चालतात, मतदानाला नाही.

---

चष्मिष

आकडे झकास, पण सरळ गोष्टीला वळसा घालताय असं वाटतं. २००४ मध्ये ७०, २००८ मध्ये ६१, २०१२ मध्ये ४९. उतार कधी लागला? पक्षाने कृष्णवर्णीय उमेदवार दिला तेव्हा. बाकी सगळी मलमपट्टी.

---

डोंगरी_डॉक्टर

चष्मिषराव, तो मुद्दा मी झटकत नाही. दवाखान्यात ओबामांविषयी जे कानावर पडलं त्यातलं काही इथे लिहिण्यासारखं नाही. २०१२ च्या केंटकीच्या प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणारी फेरी) ओबामांसमोर दुसरा उमेदवारच नव्हता, तरी 'कुणालाही नाही' या पर्यायाला ४२ टक्के मतं पडली. तीही डेमोक्रॅट म्हणून नोंदलेल्यांची.

पण तुमच्या हिशेबाने २००८ चे ६१ टक्के कुठे बसवायचे? थोडं दक्षिणेला, कोळशाच्या पट्ट्यातली नॉट काउंटी तेव्हाच रिपब्लिकन मॅककेनकडे गेली. एलियट गेली नाही. आणि मोठी उडी २०१६ ची आहे, तेव्हा समोर एक गोरी बाई होती, जिच्या नवऱ्याला याच लोकांनी दोनदा निवडलं होतं.

माझ्या पहिल्या हिवाळ्यातली गोष्ट सांगतो. एक आजोबा, ऐंशीच्या आसपास, डेनिमचा डगला, बोटं तंबाखूच्या चिकाने तपकिरी. मी नवखा, निवडणूक नुकतीच झालेली, उगाच विचारलं, "मग कुणाला दिलंत मत?" ते म्हणाले, "डॉक, मी डेमोक्रॅट आहे." संपलं. आपल्याकडे कुणी 'आम्ही मूळचे कऱ्हाडचे' म्हणतो ना, त्या सुरात. मत विचारलं तर गाव सांगितलं. ओबामांचं नाव त्यांनी घेतलं नाही, ते मला फार नंतर जाणवलं.

माझं म्हणणं एवढंच की इथे पक्ष हे मत नव्हतं, आडनाव होतं. आडनाव कुणी थोडं थोडं बदलत नाही. बदललं की एकदम बदलतं.

---

निपाणीकर

तंबाखूचा चीक म्हणालात आणि कान टवकारले! आमच्या घरी तीन पिढ्या तंबाखू. १९८१ चं निपाणीचं आंदोलन आमच्या वडिलांनी रस्त्यावर बसून काढलंय, शरद जोशींच्या सभांना जायचे. तिकडे कुठली जात लावतात? भाव कोण ठरवतं?

---

डोंगरी_डॉक्टर

निपाणीकर, तुम्ही नेमकी नस धरलीत. यावर जरा लांब लिहितो.

इथली तंबाखू बर्ले जातीची, सिगारेटमध्ये मिसळायची. ऑगस्ट-सप्टेंबरात अख्खं झाड बुंध्याशी कापायचं, साडेचार फुटी काठीला टोकदार लोखंडी टोपी बसवून त्यावर पाच-सहा झाडं ओवायची आणि उंच लाकडी कोठारात आढ्यापासून थरांथरांनी टांगायची. आढ्यावर चढायला पोरंच लागतात. पडून मणका दुखावलेले माझे किमान चार पेशंट आहेत. नोव्हेंबरात दमट हवा आली की पान मऊ पडतं, मग बंद खोलीत शेगडी पेटवून आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे पानं सोलायला बसतात. पैसा नाताळच्या तोंडावर हातात. शाळेचे बूट, कराचा हप्ता, दुकानाची उधारी, सगळं त्यातून.

आता भाव. १९३८ पासून सरकारी कोटा होता. कुणी किती विकायची हे ठरलेलं आणि किमान भावाची हमी. त्यामुळे चार-पाच एकरांचा माणूससुद्धा तगला. हे सगळं रूझवेल्टच्या, म्हणजे डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाच्या काळातलं. म्हणजे डोंगरातल्या माणसाला 'डेमोक्रॅट' या शब्दाचा अर्थ पणजोबांच्या लढाईत नव्हे, कोठारात टांगलेला दिसत होता.

२००४ मध्ये काँग्रेसने कोटा मोडीत काढला. बदल्यात दहा वर्षं हप्त्याने भरपाई. शेवटचा हप्ता २०१४ चा. मोठ्या शेतांवर तंबाखू चालू राहिली, डोंगरातली मिटत गेली. कोठारं उभी आहेत, पण त्यांच्या फळ्या आता लेक्सिंग्टनच्या हॉटेलांत भिंतींना लावायला विकत नेतात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय, ट्रक भरभरून.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. २०१४ मध्ये हप्ते संपले. २०१५ च्या डिसेंबरात ॲशलंडच्या पोलाद कारखान्याची भट्टी थंड झाली, सहाशेच्या वर माणसं घरी. या भागातले कितीतरी जण रोज तासभर गाडी हाकत तिकडे जात, युनियनचं कार्ड खिशात. युनियन म्हणजे डेमोक्रॅट. २०१९ मध्ये कारखाना कायमचा बंद. आणि २०१६ च्या मार्चमध्ये क्लिंटनबाई टीव्हीवर म्हणाल्या की आपण बरेच खाणकामगार आणि कोळसा कंपन्या धंद्यातून बाहेर काढणार आहोत. पुढचं वाक्य त्या कामगारांना वाऱ्यावर सोडणार नाही असं होतं, पण ते कुणी ऐकलं? एलियटमध्ये कोळसा फारसा नाहीच. तरी ते वाक्य इथे प्रत्येकाला पाठ होतं.

---

निपाणीकर

कोठाराच्या फळ्या हॉटेलात. आमच्याकडे वखारीचं मंगल कार्यालय झालंय. असो, वाचतोय.

---

चष्मिष

डॉक्टर, कोटा मोडला तेव्हा व्हाइट हाऊसमध्ये बुश होते आणि काँग्रेस रिपब्लिकन होती. मग राग डेमोक्रॅटांवर कसा? पोटापाण्याचं कारण मागाहून चिकटवलेलं वाटतं. गर्भपात, समलिंगी विवाह, बंदुका. तिथे खरी मेख आहे. तुमच्या शेजारच्या रोवन काउंटीतली ती क्लार्कबाई (काउंटीचे परवाने-नोंदी सांभाळणारी) आठवते का?

---

आकडेबहाद्दर

किम डेव्हिस. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतरही समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला नकार दिला, कोर्टाच्या अवमानासाठी पाच दिवस तुरुंगात. सगळ्यांना ती रिपब्लिकन वाटते. पण २०१४ मध्ये ती डेमोक्रॅट म्हणून निवडून आली होती. तुरुंगातून सुटल्यावर त्याच वर्षीच्या सप्टेंबरात तिने पक्ष बदलला. २०१८ मध्ये पडली, तीही डेमोक्रॅट उमेदवाराकडून.

---

डोंगरी_डॉक्टर

त्या सप्टेंबरात आमच्या वेटिंग रूममध्ये दुसरा विषय नव्हता. माझी नर्स, जन्माची डेमोक्रॅट, म्हणाली, "किमचं पटत नाही, पण तिला आत टाकायला नको होतं." ते 'पण' पुढच्या वर्षी मतपेटीत गेलं असावं.

चष्मिषराव, तुमचा बुशचा मुद्दा बिनतोड आहे. राग डेमोक्रॅटांवर होता असं मीही म्हणत नाही. दोरी सुटली होती, एवढंच. धर्म, बंदुका, गर्भपात हे १९८० मध्येही होतंच, तेव्हाही हे लोक चर्चला जात होते आणि हरणं मारत होते. पण तेव्हा एका हाताला कोटा होता, दुसऱ्या हाताला युनियन. दोन्ही हात सुटल्यावर माणूस वाऱ्याच्या दिशेने गेला. वारा कुठला होता ते तुम्ही सांगितलंतच.

सरकारी मदतीचंही ऐका. २०१३ च्या शेवटी केंटकीने ओबामांच्या आरोग्यविमा कायद्याखाली (त्यालाच लोक 'ओबामाकेअर' म्हणतात) विम्याची स्वतःची वेबसाइट काढली. तिचं नाव उच्चारायला 'कनेक्ट', लिहायला राज्याच्या आद्याक्षरांची कोटी करून. विमा नसलेल्यांचं प्रमाण इथे जेवढं घसरलं तेवढं फार थोड्या राज्यांत घसरलं. माझ्याकडे पंचावन्न वर्षांची बाई पहिल्यांदा मॅमोग्रामला आली. कार्ड दाखवून म्हणाली, "हे कनेक्ट फार चांगलं आहे हो. ते ओबामाकेअर नाही घेतलं मी." मी काही बोललो नाही. प्रिस्क्रिप्शन लिहिलं.

---

रानजाई

मी न्यू जर्सीत. आमच्या टाउनशिपमध्ये शेजारी कुणाला मत देतो हे मला अंगणातल्या पाटीवरून कळतं, पाटी नसेल तर नाहीच. तुमच्याकडे स्थानिक निवडणुकांचं काय? म्हणजे शेरीफ वगैरे? तेही सगळे एका रात्रीत लाल झाले?

---

डोंगरी_डॉक्टर

रानजाई ताई, खरी मजा तिथेच आहे. आपल्याकडे ग्रामपंचायत पक्षाच्या चिन्हावर लढत नाहीत. इथे शेरीफ, क्लार्क, सगळे पक्षाच्या नावावर. जेलरसुद्धा. केंटकीच्या घटनेनुसार प्रत्येक काउंटीने जेलर निवडायचा, आणि ज्या काउंटीत तुरुंगच नाही तिथेही तो निवडून येतो. (काय करतो, ते विचारू नका.)

एलियटमध्ये ही खुर्च्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या डेमोक्रॅट. रिपब्लिकन उमेदवारच उभा राहायचा नाही. त्यामुळे खरी निवडणूक नोव्हेंबरात नाहीच, मे महिन्यातल्या पक्षांतर्गत फेरीत. चुलत भाऊ विरुद्ध मेव्हणा. आणि केंटकीत ती फेरी बंदिस्त असते: ज्या पक्षात नाव नोंदलेलं त्याच पक्षाची मतपत्रिका. शेरीफ ठरवण्यात वाटा हवा असेल तर डेमोक्रॅट म्हणून नाव नोंदवणं भाग. म्हणून २०१६ मध्ये ट्रम्पना ७० टक्के देतानाही काउंटीच्या यादीत डेमोक्रॅटांचं प्रचंड बहुमत होतं.

घरचा मोठा माणूस होता तो रॉकी ॲडकिन्स. सँडी हूकचाच, १९८७ पासून राज्याच्या विधानसभेत, पुढे तिथला डेमोक्रॅट नेता. लोक त्याला नुसतं 'रॉकी' म्हणतात. रस्ता खचला, फोन रॉकीला. २०१९ मध्ये गव्हर्नरपदासाठी पक्षाची उमेदवारी मागितली, अँडी बेशिअर यांच्या मागे दुसरा आला. बेशिअर सगळ्या राज्यात पाच हजारांच्या आसपास मतांनी जिंकले आणि एलियटने त्यांना साथ दिली. म्हणजे ट्रम्पना ७० देऊन तीन वर्षांनी डेमोक्रॅट गव्हर्नर! मग रॉकी गव्हर्नरांचा सल्लागार म्हणून फ्रँकफर्टला गेला, २०२० च्या फेब्रुवारीत पोटनिवडणूक झाली आणि तो मतदारसंघ रिपब्लिकनांकडे गेला.

घर वरून गळायला लागलं. आधी राष्ट्राध्यक्ष, मग आमदार. तळमजला शेवटी.

---

नवा_गडी

आणि २०२० नंतर? परत फिरण्याची काही चिन्हं?

---

आकडेबहाद्दर

नाहीत. २०२० मध्ये ट्रम्पना तीन चतुर्थांश, २०२४ मध्ये त्याहून जास्त. २०२२ च्या जुलैत पूर्ण केंटकीत नोंदणीकृत रिपब्लिकन डेमोक्रॅटांच्या पुढे गेले, इतिहासात पहिल्यांदा.

---

चष्मिष

म्हणजे आडनावही बदललं शेवटी. डॉक्टर, त्या आजोबांचं काय? अजून आहेत का?

---

डोंगरी_डॉक्टर

ड्यूटी होती, उशीर झाला.

नाहीत. २०२३ मध्ये गेले. पण एक राहिलंय. इथे मे महिन्याच्या फेरीसाठी पक्षनोंदणी बदलायची तर आदल्या वर्षीच्या ३१ डिसेंबरपर्यंत. २०२१ च्या डिसेंबरात, नाताळ आणि नववर्षाच्या मधल्या दिवसांत, आजोबा तपासायला आले. टोपी खुंटीला टांगली, लाल, पुढे पांढरी अक्षरं. ट्रम्पच्या प्रचाराची, वेगळं सांगायला नको. सोबत मुलगा होता. तो म्हणाला, "इथून थेट क्लार्कच्या ऑफिसात जातोय, नाव बदलून टाकू म्हणतो दोघांचं." आजोबा काही बोलले नाहीत.

मार्चमध्ये परत आले तेव्हा मी विचारलं, बदललं का? म्हणाले, "पोराने बदललं. मी गाडीतच बसलो."

मला वाटलं, झालं, जुनं खोड, वडिलांचा पक्ष वगैरे सांगतील आता. तर म्हणाले, "बहिणीचा नातू मॅजिस्ट्रेटला उभा आहे, डेमोक्रॅटकडून. मे मध्ये त्याला मत कोण देणार?" (इथे मॅजिस्ट्रेट म्हणजे काउंटीच्या कारभारी मंडळाचा निवडून आलेला सभासद.)

आणि बीपी बघायला बाही वर केली. १५८ वर ९०. मिठाचं विचारलं तर टोपी घालून निघालेच.